आजीचा प्रश्न

वक्तृत्वस्पर्धेत आम्ही अवजड शब्दांची आतषबाजी करतो आणि टाळ्याही मिळवितो. परंतु तेच भाषण घरी म्हणून दाखविले की आजी विचारते, "बाळ, म्हणजे काय रे?" तेव्हा आम्ही चिडतो. वस्तुतः परीक्षक पाठांतरास गुण देतात. अर्थ मागते ती आजीच.

आमच्या बडोद्यात वाढलेल्या विनोबांनाही घरातून असाच प्रश्न आला होता. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता कळेना, म्हणून त्यांनी मराठी गीता मागितली. विनोबांनी आणून दिलेली पद्य गीताही त्यांना कठीणच वाटली. तेव्हा, मग तूच का करीत नाहीस, असे त्यांनी लेकालाच विचारले. मातोश्री १९१८ साली निवर्तल्या. 'गीताई' लिहून झाली ती १९३१ साली. ऐकणारी उरली नव्हती, तरी भाषा मात्र तिला कळावी अशीच राहिली. पंडित असूनही असे सोपे लिहिणे किती कठीण, हे निबंध लिहिताना आम्हांस पदोपदी जाणवते!

यंदा आपण सर्वांनी भाषण प्रथम स्वयंपाकघरात म्हणून दाखवावे, आणि आजी जेथे थांबवील तेथला शब्द बदलावा. बक्षीस हुकले तरी चालेल.