झाकण कोणाच्या हातात?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा, आणि पटलं नाही तर खाली खुशाल भांडा.

नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेली आपल्याकडची पोरं सध्या एक नवीन गोष्ट सांगतात, फ्लोट टँक. झाकणाची बंद टाकी, आत मिठाचं पाणी, त्यात तासभर नुसतं तरंगत पडायचं. उजेड नाही, आवाज नाही, फोन नाही. तासाचे काही हजार रुपये. आमच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की एकच शेरा पडतो, "पैसे जास्त झालेत. चोचले आहेत सगळे."

मला हे हसण्यावारी न्यायचं नाहीये. गेल्या काही महिन्यांत टाकीत जाऊन आलेल्या चौघांशी मी सविस्तर बोललो. त्यांचं ऐकून माझं मत झालंय की हे अनुभव म्हणजे आपल्या गावांविरुद्धची साक्ष आहे. कशी, ते सांगतो.

आधी टाकीत काय असतं ते बघू. पाणी जेमतेम वीतभर, साधारण २५ सेंटीमीटर. त्यात ४०० ते ५०० किलो एप्सम सॉल्ट विरघळवलेलं. नाव भारी वाटतं, पण हे आपलं मॅग्नेशियम सल्फेट. पिकाची पानं पिवळी पडली की कृषी सेवा केंद्रातून आणतो तेच. २५ किलोच्या १६ ते २० गोण्या एका टाकीत. त्यामुळे पाणी इतकं जड होतं की पोहता न येणारा माणूसही बुडत नाही, आपोआप वर राहतो. पाणी ३४-३५ अंशांना ठेवतात, म्हणजे अंगाच्या कातडीइतकंच कोमट. थोड्या वेळाने अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. जादू काही नाही, साधं भौतिकशास्त्र आहे.

आता अनुभव. पुण्यात कंपनीत असलेला एक जण म्हणाला, पहिली पंधरा मिनिटं नुसती चुळबुळ. बुडण्याच्या भीतीने मान ताठ धरून ठेवली होती, ती सोडली तेव्हा कुठे बरं वाटलं. मग स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू यायला लागले. वीसेक मिनिटं झाली असतील असं वाटलं तेव्हा तास संपला होता. त्या रात्री मेल्यासारखा झोपला.

दुसरी मुंबईत नर्स आहे, रात्रपाळ्या करते. ती बाहेर आल्यावर रडली. का, असं विचारलं तर म्हणाली, "तासभर मला कोणी हाक मारली नाही."

तिसऱ्याला आत गेल्या गेल्या धडधडायला लागलं. दहा मिनिटांत झाकण उघडून बाहेर आला, परत गेला तो आतला दिवा चालू ठेवून. पैसे वाया गेले असं त्याला वाटत नाही.

चौथा सगळ्यांत रोखठोक. सकाळी दाढी करून गेला होता, खरचटलेलं मिठाने चरचर झोंबलं. म्हणाला, "दादा, काय नाय, झोप काढली. घरी फुकट मिळाली असती." मग जरा थांबून म्हणाला, "पण घरी मिळत नाही ना."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

इथे एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर उद्या कोणीतरी मलाच जाहिरातदार ठरवेल. हे अनुभव खरे आहेत, पण अनुभव म्हणजे इलाज नव्हे. अमेरिकेत टल्सा इथल्या संशोधकांनी २०१८ साली चिंता-नैराश्याच्या ५० रुग्णांना तासभर तरंगत ठेवून अभ्यास प्रसिद्ध केला. तासाभराने त्यांची चिंता बरीच कमी झालेली दिसली. उत्साह वाटावा असाच निष्कर्ष आहे. पण तो एका तासाचा आहे, महिन्याभराने काय राहिलं ते त्यात तपासलेलं नाही. त्यामुळे उद्या कोणी "बीपी गेलं, शुगर गेली" असं लिहून टाकी विकत असेल तर सावध राहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फिट येणाऱ्याने, अंगावर उघडी जखम असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये.

आता मूळ मुद्दा. अंधार आणि निःशब्दता माणसाला बरं करते, असं सरळ म्हणता येत नाही. इतिहास उलटाही आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन खोलीत नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर आवरण, कानात एकसुरी घरघर. पैसे चांगले होते, तरी बहुतेकांना दोन-तीन दिवसांच्या वर टिकता आलं नाही. काहींना नसलेली चित्रं दिसायला लागली. १९५४ मध्ये अमेरिकेत जॉन लिली या डॉक्टरने पहिली तरंगण्याची टाकी बांधली आणि तो स्वतःच आत उतरला. त्याला ते आवडलं. आजच्या सगळ्या टाक्या त्याच टाकीची नातवंडं.

आणि १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी पकडलेल्या १४ जणांच्या डोक्यावर टोप्या ओढून, भिंतीशी उभं करून, कानांवर सतत फुसफुसता कर्कश आवाज सोडला. झोपू दिलं नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७८ साली ही वागणूक अमानुष आणि मानहानीकारक ठरवली.

बघा, डोळ्यांपुढे अंधार टाकीतही आहे आणि त्या टोपीतही. एकाचे लोक पैसे मोजतात, दुसऱ्याचा खटला होतो. फरक कशात? टाकीचं झाकण आतून उघडतं. आमचा तिसरा मित्र दहाव्या मिनिटाला उठून बाहेर आला आणि तरी खूश आहे, कारण उठणं त्याच्या हातात होतं. किती उजेड, किती आवाज, किती वेळ, हे ठरवायची मुभा तो विकत घेत होता. नर्सने तेच विकत घेतलं. मिठाचं पाणी निमित्त.

आता ही फूटपट्टी घेऊन आपल्याकडे या.

आमचा शिळफाटा म्हणजे खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. कल्याण-मुंब्र्याकडचा तो वेगळा. घाट चढायच्या आधी आणि उतरल्यावर गाड्यांची वर्दळ कशी असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ट्रकचा तो अनेक सुरांचा हॉर्न रात्री दोनला वाजतो तेव्हा पाळण्यातलं पोर दचकून उठतं. मोटार वाहन नियमांत असले हॉर्न लावायला मनाई आहे. तरी वाजतात. लग्नसराईत डीजे, वाढदिवसाला डीजे, नेत्याच्या स्वागताला डीजे. खिडकीची काच थरथरते, घरातलं म्हातारं माणूस छातीवर हात ठेवून बसून राहतं. या टाकीचं झाकण आतून उघडत नाही.

कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांची गंमत तर वेगळीच. जाहिरातीत लिहिलेलं असतं "निसर्गाच्या कुशीत शांतता". शनिवारी रात्री त्याच कुशीत स्पीकर लागतो, आणि पलीकडच्या वाडीवर दिवसभर मजुरी करून आलेला माणूस पहाटेपर्यंत कूस बदलत राहतो. पाहुणे रविवारी परत जातात. त्यांच्यातलाच एखादा सोमवारी शहरात जाऊन टाकीत झोपायचे पैसे भरत असेल. वाडीवरचा माणूस कुठे जाणार?

म्हणजे हिशेब असा झाला, की गोंगाट सगळ्यांना फुकट वाटायचा आणि शांतता तासावर विकायची. आधी आपण पाण्याचं असंच होऊ दिलं. घरच्या नळाला भरवसा राहिला नाही आणि बाटली विकत घ्यायची सवय लागली. झोपेचंही तेच होऊ घातलंय.

कोणी म्हणेल, "सण वर्षातून एकदाच येतो." मान्य. कायद्यालाही मान्य आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पंधरा दिवस! आपल्या गल्लीत वर्षाच्या किती रात्री वाजतं ते बोटांवर मोजा, दोन्ही हातांची आणि पायांची बोटं पुरतात का बघा.

कोणी म्हणेल, "हायवेचं गाव आहे, आवाज असणारच." असणार. इंजिनाचा आवाज मी बंद करा म्हणत नाही. पण नियमात राहत्या वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात रात्री ४०. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं. १० ने वाढला की ध्वनीची तीव्रता १० पट होते. ४५ च्या जागी ७५ म्हणजे हजारपट. "थोडंसंच जास्त" असं काही नसतं.

आणि कोणी म्हणेल, "रिसॉर्टमुळे पोरांना काम मिळतं." मिळतं, मिळू दे. दहानंतर स्पीकर बंद केल्याने कुठल्या वेटरची नोकरी गेली, मला एक उदाहरण दाखवा.

खरी अडचण तक्रारीची आहे. जिल्ह्यात बातमीदारी करताना एकच कहाणी अनेक तोंडांतून ऐकली. तक्रार केली की पहिलं नाव विचारतात आणि थोड्या वेळात ते नाव मांडवात पोचलेलं असतं. मग कोण फोन करेल? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या एका खटल्यात सांगितलंय की तक्रारदाराची ओळख पटवून न घेता पोलिसांनी कारवाई करावी. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हेही त्याच निकालात आहे. भोंगा कोणाचा, मांडव कोणाचा, हे न बघता.

माझं मागणं फार मोठं नाही. एक, दवाखाने आणि शाळांभोवती शांतता क्षेत्राच्या पाट्या दिसतील अशा लावा आणि रात्री गस्तीच्या गाडीत आवाज मोजायचं यंत्र ठेवा. दोन, स्पीकरची लेखी परवानगी कोणाला, किती वाजेपर्यंत दिली, ते दर आठवड्याला फलकावर लावा. तीन, फार्महाऊसवाल्यांना नोटीस द्या, की दहानंतर वाजलं तर जबाबदार मालक, "पाहुणे ऐकत नाहीत" हे चालणार नाही. आणि आपण स्वतः? पुढच्या वेळी घरचं कार्य असेल तेव्हा दहाला प्लग काढायचा. मुलाकडचे रुसले तर रुसू देत.

इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून लोक दहा-दहा दिवस मौनात बसतात आणि शिबिराची फी घेत नाहीत. म्हणजे शांतता मुळात महाग नसते. आपण ती महाग करून ठेवली.

टाकीत जाणाऱ्यांना जाऊ द्या, त्यांच्यावर हसू नका. पण ज्याच्याकडे तासाचे हजार नाहीत, त्याला रात्री दहा ते सहा आठ तास कायद्याने आधीच दिलेत. ते त्याला मिळवून द्या.

तुमच्या गल्लीत काल रात्री शेवटचा आवाज किती वाजता बंद झाला? नाव नको, फक्त गाव आणि वेळ लिहा. यादी करतोय, निवेदनाला जोडणार आहे.