दोन दिवसांची पुरीभाजी आणि उरलेले ३६३ दिवस

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत, विहाराला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत आम्ही धान्य बँक चालवतो. लॉकडाऊनमध्ये ती सुरू झाली. तेव्हा वाटले होते, दोन-तीन महिन्यांचे काम आहे. आज तिथून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ४२ घरांना पिशवी जाते. पिशवीत तांदूळ-गहू नसतात, कारण ज्यांना मिळायचे त्यांना ते रेशनवर मिळतात. रेशनवर जे मिळत नाही ते आम्ही देतो : तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, मीठ, तिखट, साबण आणि मुलींसाठी पॅड. एका पिशवीला साधारण ४५० रुपये लागतात. म्हणजे महिन्याला १८,९०० रुपये. गेल्या वर्षभरात हे १८,९०० रुपये जमवता जमवता आमच्या नाकी नऊ आले.

आणि याच आम्ही, याच वस्तीत, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या अन्नदानाच्या स्टॉलसाठी तीन आठवड्यांत १ लाख १० हजार रुपये गोळा केले. कुणाकडे दुसऱ्यांदा जावे लागले नाही. दोन दिवस पुरीभाजी आणि मसालेभात वाटला, मंडप झाला, बॅनर झाले, बॅनरवर देणगीदारांचे फोटो झाले. त्या पैशात धान्य बँक जवळजवळ सहा महिने चालली असती. हा हिशेब आम्ही दुसऱ्या कुणावर बोट ठेवण्यासाठी मांडत नाही. पावती पुस्तक आमच्याच हातात होते.

आता लगेच कुणी म्हणेल, यांना दीक्षाभूमीवरचे अन्नदान खुपते. अजिबात नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांतून, तेलंगणातून, छत्तीसगडमधून लोक रेल्वेने, एसटीने, ट्रकमध्ये बसून येतात, रात्र रस्त्यावर काढतात. त्यांच्या हातात गरम पुरी पडते ती कुणाच्या मेहेरबानीची नसते. आपल्या घरी आलेल्या आपल्या माणसाचा तो पाहुणचार आहे. तो राहिलाच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. लाखोंना दोन दिवस जेवू घालू शकणारा समाज ४२ घरांची डाळ बारा महिने का पुरवू शकत नाही? पैसा नाही, हे उत्तर खोटे आहे हे तर आम्हीच सिद्ध केले आहे.

सरकारचे काय, हा प्रश्न रास्त आहे. आधी तोच घेऊ.

२६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ग्राहकाने १० रुपये द्यायचे आणि शहरात उरलेले ४० रुपये सरकारने केंद्रचालकाला द्यायचे. योजना चांगली होती, हे आम्ही तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. सरकारी दवाखाने, बसस्थानके, बाजार समित्या अशा ठिकाणी तिने हातावर पोट असलेल्या माणसाला दुपारचे ताट दिले. कोरोनात ती आधी ५ रुपयांना आणि पुढे काही महिने फुकट मिळाली. मग निधी आटत गेला. २०२५ मध्ये तर केंद्रचालकांचे अनुदान महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या राज्यभरातून येत राहिल्या. याचा अर्थ समजून घ्या. रोज १०० थाळ्या देणाऱ्या केंद्राचे सरकारकडून दिवसाला ४ हजार येणे असते, महिन्याला १ लाख २० हजार. हे केंद्र अनेक ठिकाणी बचत गटाच्या बाया चालवतात. तीन महिने पैसे आले नाहीत तर किराणा दुकानदार उधारी बंद करतो, सिलिंडर स्वतःच्या पैशाने आणावा लागतो, कुणाचे तरी मंगळसूत्र गहाण पडते. म्हणजे सरकारची योजना सरकारच्या पैशावर नाही, एका गरीब बाईच्या उधारीवर चालते. योजना बंद केली असे कुणी जाहीर करत नाही. केंद्र आपोआप बंद पडते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. गावोगाव, चौकाचौकात स्टॉल उभे राहिले. सरकार बदलले, योजना गेली, स्टॉल मात्र राहिले. त्यांत पुढे झुणका सोडून बाकी सगळे विकले गेले. आंध्रात अण्णा कॅन्टीन २०१८ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये सत्ता बदलताच बंद झाली, २०२४ मध्ये सत्ता पुन्हा फिरली तशी पुन्हा उघडली. भूक तीच, माणसे तीच, फक्त पाटीवरचे नाव कुणाचे यावर चूल पेटणार की विझणार हे ठरते. आपल्याकडचा आनंदाचा शिधा आठवा. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल, आणि पिशवीवर नेत्यांचे चेहरे. २०२५ ची दिवाळी आली तेव्हा शिधाही नव्हता आणि चेहरेही नव्हते. तिजोरीवर लाडकी बहीण योजनेचा भार आहे, असे कारण सत्तेतूनच पुढे आले. म्हणजे भांडण लावायचे ते गरिबाच्याच घरात. बहिणीच्या १,५०० रुपयांमुळे भावाचे ताट गेले! ज्या घरात ते १,५०० येतात त्याच घरातला माणूस दहा रुपयांची थाळी खायला जात होता, हे या मंडळींना ठाऊक नसेल असे आम्ही मानत नाही.

कोर्टाकडे जावे, तर तेही झाले. देशभर सामुदायिक स्वयंपाकघरे उभारावीत, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१९ पासून होती. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने तसे निर्देश द्यायला नकार दिला. अन्नसुरक्षा कायदा आहे, त्याखाली योजना आहेत, आणखी काय करायचे ते राज्यांनी ठरवावे, असा त्याचा आशय. पण त्या कायद्यात कोण बसतो? कायदा लागू झाला तेव्हा महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ५९ हजार रुपये. गणित करा. नवरा-बायको मिळून महिन्याला ५ हजार कमावत असतील तर वर्षाचे ६० हजार होतात, आणि ते कुटुंब कागदावर गरीब राहत नाही! नागपुरात ५ हजारांत खोलीचे भाडे आणि लाईट बिल तरी नीट भागते का? शिवाय लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर जन्मलेली पोरे आज आठवी-नववीत आहेत. आमच्या ४२ घरांत केशरी कार्ड घेऊन हिंडणारी, पण धान्य न मिळणारी घरे आहेत. ई-केवायसीत बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून चकरा मारणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. आयुष्यभर लोकांची भांडी घासली तर ठसे राहतील कुठून?

तेव्हा राज्याची जबाबदारी आहेच. संविधानाच्या ४७ व्या कलमात जनतेचे पोषण सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. आमच्यातलेच काही साथी विचारतात, मग तुम्ही सरकारचे काम अंगावर का घेता? धान्य बँक चालवून तुम्ही सरकारला पळवाट देता. हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. पण मोर्चा निघेपर्यंत आणि निवेदनाला उत्तर येईपर्यंत पोरगी काय खाईल? आणि एक गोष्ट अनुभवाने सांगतो : तहसीलवर रेशनकार्डासाठी जी माणसे आमच्यासोबत आली, ती पिशवी घ्यायला येता-येताच एकमेकींना ओळखू लागली होती. कुणाचे कार्ड अडले, कुणाचे नाव कटले, हे आम्हाला त्या खोलीतच कळते. खोली बंद झाली तर पिशवी जाईल आणि तक्रारही जाईल.

पैसे कमी पडले तेव्हा आम्ही काय काय करून पाहिले तेही सांगतो, कारण त्यात आमच्या चुका आहेत.

पहिली धाव कंपन्यांच्या सीएसआरकडे. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो आणि भूक निर्मूलन त्या यादीत पहिल्याच ओळीत आहे. पण तो पैसा घ्यायला नोंदणीकृत संस्था हवी, १२ए आणि ८०जी हवे, सीएसआर-१ ची नोंदणी हवी, लेखापरीक्षण हवे. वस्तीतल्या मंडळाकडे यातले काय असते? एक वही आणि एक कुलूप. मग एक दाता भेटला. पैसे देतो म्हणाला, पण प्रत्येक बाईचा पिशवी घेतानाचा फोटो हवा. महापालिकेच्या निवडणुकीचे वारे सुरू झाल्यावर एक इच्छुक आले. त्यांच्या पिशव्या तयारच होत्या, नाव छापलेल्या. दोघांनाही नाही म्हटले. आमच्यातल्या दोघांना हे पटले नाही. तत्त्वाने डाळ शिजत नाही, असे ते म्हणाले. त्यांचेही खरे होते.

पण फोटोचा प्रश्न नखऱ्याचा नाही. आपल्या आज्यांच्या पिढीने दारोदार भाकरी मागितली आहे. गावाची कामे करायची आणि संध्याकाळी उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी दारात उभे राहायचे, आणि त्याला हक्क म्हणायचे! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की हे उष्टे सोडा, मेलेल्या ढोराचे मांस सोडा. पोट रिकामे राहिले तरी लोकांनी ते सोडले. ती गोष्ट आपल्या हाडात आहे. म्हणून आमच्याकडे पहिल्यांदा येणारी बाई दिवेलागणीला येते, आणि दारातच सांगते, ‘आमी मांगाले नाई आलो जी, नाव हाये का तेवढं पाहा.’ तिच्या हातात पिशवी देऊन तिच्यासमोर मोबाईल धरायचा? हिंदू दानधर्मात देणाऱ्याला पुण्य मिळते आणि घेणारा खालीच राहतो. समाजशास्त्राच्या वर्गात मार्सेल मॉस वाचताना आम्ही हे शिकलो होतो, की परतफेड करता न येणारे दान घेणाऱ्याला बांधून टाकते. वस्तीत ते डोळ्यांनी पाहिले.

दुसरी चूक मोठी. फेब्रुवारीत पैसे कमी पडले तेव्हा आम्ही ४२ ची यादी ३० वर आणली. निकष ठरवला : ज्या घरात कमावता पुरुष आहे त्याचे नाव तात्पुरते काढायचे. अगदी सरकारसारखे. त्यातले एक घर ऑटो चालवणाऱ्याचे. तो जानेवारीपासूनच टीबीने घरी बसला होता. त्याची बायको सांगायला आली नाही, आम्ही विचारायला गेलो नाही. एप्रिलमध्ये आशाताईकडून कळले. यादीला कात्री लावण्यापेक्षा सगळ्यांचे तेल अर्धा लिटर केले असते तर चालले असते, हे त्या दिवशी सुचले नाही. आता नियम केला आहे : पैसे कमी आले तर पिशवी लहान होईल, यादी नाही.

मग उपाय काय? तो बाबासाहेबांनी याच नागपुरात सांगून ठेवला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्माच्या कामासाठी द्यावा असे सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे शंभरातले ५. दरवर्षीची एकदाची वर्गणी नव्हे. मिळकत जशी येत राहते तसा तिचा हिस्साही जात राहायला हवा. शिखांच्या लंगरमागे दसवंध आहे, मिळकतीचा दहावा भाग. मुसलमानांची जकात आहे. त्यांची व्यवस्था टिकते ती एखाद्या दिवसाच्या भावनेवर नाही, नेमाने येणाऱ्या पैशावर. आपल्याकडे नेम नाही, उत्सव आहे.

आणि हे आम्ही आपल्या नोकरदार वर्गालाच ऐकवतो आहोत. बँकेत, रेल्वेत, महावितरणमध्ये, शाळा-कॉलेजात बसलेल्या, ६० हजार पगार उचलणाऱ्या भावा-बहिणींनो, तुमचा विसावा हिस्सा ३ हजार होतो. आम्ही तेवढाही मागत नाही. महिन्याला २०० रुपये देणारी ९५ माणसे मिळाली की आमची खोली कुणाच्या दारात न जाता चालते. तुमच्यातले काही म्हणतात, फुकट देऊन समाज लाचार होतो, त्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा. चांगले आहे, शिक्षणावरही करा. पण तुमच्या वसतिगृहातली मेस आणि तुमची शिष्यवृत्ती कुणाच्या पैशातून होती, आणि ती घेताना तुम्ही लाचार झाला होता का, ते आधी सांगा. दुसरे काही म्हणतात, आम्ही आता तिकडे राहत नाही. ठीक आहे, पण १४ एप्रिलच्या रॅलीत डीजेच्या वर्गणीला तुमचे नाव इकडच्याच यादीत असते.

यंदा आम्ही दोन गोष्टी करणार आहोत. स्टॉल लागेल, पुरीभाजीही होईल, पण मंडप लहान असेल आणि जमलेल्या पैशातला निम्मा धान्य बँकेच्या खात्यात जाईल. यावर विहारात दोन बैठका झाल्या, दुसरीत बराच आवाज चढला. ज्येष्ठ उपासकांपैकी काहींना हा दीक्षाभूमीचा अवमान वाटतो. त्यांच्याशी बोलणे सुरू आहे. दुसरी गोष्ट, महिन्याच्या वर्गणीची यादी. त्यात पिशवी घेणाऱ्या घरांनाही जागा आहे. जमेल त्याने १० रुपये द्यावेत, न जमेल त्याने पिशव्या भरायला यावे. ४२ पैकी १९ घरांनी १० रुपये लिहून घ्यायला लावले, आम्ही न मागता. त्यात त्या ऑटोवाल्याचेही घर आहे.

आजवर २०० रुपयांची ३४ नावे आली आहेत. या महिन्यात ४२ पिशव्या भरल्या, तेल अर्धा लिटर, साबण नाही. इतवारीतल्या दुकानदाराचे ६,२०० रुपये देणे आहे. सगळे वहीत लिहिलेले आहे आणि वही खोलीच्या दाराला आतून टांगलेली आहे. रविवारी सकाळी दहाला खोली उघडते.