घरचा उद्योग : माणूस अर्धवेळ, अपेक्षा पूर्णवेळ!

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली आणि ‘स्टार्टअप’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळला. पूर्वी ज्याला आपण घरगुती उद्योग म्हणत होतो, त्यालाही हल्ली मुले कौतुकाने स्टार्टअप म्हणतात. नाव काहीही द्या, अडचण मात्र जुनीच आहे. माल उत्तम, पण तो विकायला जाणार कोण?

समजा, एका जोडप्याने थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि उपवासाची भाजणी पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली आहे. स्वेच्छानिवृत्तीतून मिळालेल्या पैशातला काही भाग त्यात घातला आहे. सोसायटीतल्या मंडळींनी आणि नातेवाइकांनी कौतुकाने पाकिटे नेली. पण सहा महिन्यांनी ओळखीचे गिऱ्हाईक संपते. मग एक दिवस ठरते, की एक मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह ठेवू. पूर्णवेळ माणूस परवडत नाही, म्हणून अर्धवेळ ठेवू. पुण्यात काय, इंदूर-बडोद्यात काय, हा प्रसंग सारखाच येतो आणि बऱ्याचदा इथेच साठवलेला पैसा पाझरू लागतो.

आधी काम ठरवा

जाहिरातीत आपण ‘मार्केटिंग’ लिहितो. प्रत्यक्षात आपल्याला हवे असते ते असे : दुकानांत जाऊन नमुना दाखवणे, ऑर्डर आणणे, पैसे वसूल करणे, प्रदर्शनात स्टॉल सांभाळणे, जमल्यास व्हॉट्सअॅपवर ग्राहकांना कळवणे आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकणे. ही कामे एका माणसाची नाहीत. बारा ते चार या वेळात तर मुळीच नाहीत. उन्हातान्हात चाळीस दुकाने फिरणारा माणूस वेगळा आणि घरी बसून सुरेख मजकूर लिहिणारा वेगळा. यांपैकी आज आपले कोणते काम अडले आहे, तेवढे एकच कागदावर लिहा.

त्याआधी निदान महिनाभर स्वतः विक्री करून पाहा. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल सरकारी नोकरी सांभाळून घरी बनवलेली धुण्याची पावडर सायकलवरून दारोदार विकत होते. त्यातूनच पुढे ‘निरमा’ उभी राहिली. स्वतः फिरल्यावर कळते, की दुकानदार काय विचारतो, पाकीट कुठल्या फळीवर ठेवतो, कोणत्या वेळी बोलायला तयार असतो. हे ठाऊक नसेल, तर नव्या माणसाला आपण शिकवणार काय आणि त्याचे काम तपासणार कसे?

कागद-पेन्सिल घेऊन बसा

आता थोडे गणित. अर्धा किलो भाजणीच्या पाकिटावर १२० रुपये किंमत छापली आहे. दुकानदाराचे २० टक्के म्हणजे २४ रुपये वजा जाता हाती येतात ९६. धान्य, दळण, पाकीट आणि पोचवणे मिळून ६६ रुपये खर्च धरला, तर एका पाकिटामागे ३० रुपये उरतात.

अर्धवेळ माणसाला महिना १२,००० रुपये पगार आणि २,००० रुपये प्रवासखर्च द्यायचा ठरला. म्हणजे १४,००० रुपये. त्याला ३० ने भागा. दरमहा ४६७ पाकिटे जास्तीची खपली, तर त्या माणसाचा खर्च जेमतेम निघेल. पाकिटामागे ३ रुपये कमिशन देणार असाल, तर हाच आकडा ५१९ वर जातो. चाळीस दुकाने धरली, तर प्रत्येक दुकानात महिन्याला तेरा पाकिटे. तुमच्या भागातल्या दुकानात ती खपतील का? स्वतः फिरला असाल, तर उत्तर तुम्हालाच ठाऊक असेल.

शिवाय दुकानदार पैसे लगेच देत नाही, महिना-दीड महिना उधारी चालते. पगार मात्र एक तारखेला द्यावाच लागतो. म्हणून तीन महिन्यांचे, म्हणजे ४२,००० रुपये आधी बाजूला काढून ठेवा आणि मगच माणूस शोधायला निघा. तेवढी सोय नसेल, तर आणखी काही महिने आपणच फिरावे, हे बरे.

माणूस कुठे मिळेल?

पहिली सूचना घरातूनच येते. ‘आत्याचा मुलगा रिकामाच आहे, त्याला घ्या ना!’ त्याला विक्रीची आवड असेल, तर जरूर घ्या. पण काम जमले नाही, तर त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगण्याची तुमची तयारी आहे का, एवढे आधी स्वतःला विचारा.

औषध किंवा किराणा कंपनीत फिरतीची नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ या कामाला उत्तम. दुकानदाराशी कसे बोलावे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. दुसरा मोठा वर्ग आहे तो मुलांसाठी नोकरी सोडलेल्या स्त्रियांचा. मुले शाळेत असतात ती वेळ आणि दुकानात गर्दी कमी असते ती वेळ बऱ्याचदा जुळते. आठ-दहा वर्षे घरी राहिलेल्या बाईच्या दृष्टीने अशी नोकरी म्हणजे पुन्हा उभे राहण्याची संधी असते. तेव्हा ‘नाहीतरी घरीच बसल्या होत्या’ या हिशेबाने तिचा पगार ठरवू नका.

मुलाखतीत पदव्यांपेक्षा अनुभव विचारा. याआधी काय विकले? तेच गिऱ्हाईक पुन्हा आले का? नंतर दोन दिवस सोबत दुकानांत घेऊन जा आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्या. दुकानदाराने ‘नको’ म्हटल्यावर तो माणूस कसा वागतो, ते पाहा.

केवळ कमिशनवर माणूस ठेवण्याचा मोह टाळा. पहिले दोन-तीन महिने ओळखी करून घेण्यातच जातात. त्या काळाचा सगळा बोजा त्याच्यावर टाकणे न्यायाचे नाही आणि असा माणूस टिकतही नाही. कमिशन द्याल, ते मात्र ऑर्डरवर नव्हे, वसूल झालेल्या पैशावर द्या. नाहीतर दुकाने मालाने भरतील आणि मुदत संपलेली पाकिटे तुमच्याच दारात परत येतील.

लेखी असू द्या

अर्धवेळ म्हणजे नेमके किती तास, कोणते दिवस, पगार, प्रवासखर्च, कमिशन, सुट्ट्या आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचे, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा. चार तासांचा पगार देऊन रात्री नऊ वाजता फोन करू नका. त्या व्यक्तीने उरलेल्या वेळात दुसरे काम केले, तर तो तिचा हक्क आहे. फक्त त्या काळात प्रतिस्पर्ध्याचा माल विकणार नाही, एवढे लिहून घ्या. नोकरी सोडल्यावरही तसे करू नये, ही अट मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही. म्हणून दुकानांची नावे, फोन आणि उधारीची नोंद पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीतही ठेवा.

बाई फिरतीवर असेल, तर आणखी एक जबाबदारी आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जाण्याची जागाही कामाचे ठिकाण मानली आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. एखादा दुकानदार नीट वागत नसेल, तर त्याची ऑर्डर सोडा, पण आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहा.

तीन महिन्यांनी दोघांनी समोरासमोर बसून हिशेब करावा. किती दुकाने जोडली, किती दुकानांनी दुसऱ्यांदा माल मागवला, किती पैसे आले? दुसऱ्यांदा मागणी येत नसेल, तर दोष लगेच विक्री करणाऱ्याला देऊ नका. भाजणीची चव, पाकीट, किंमत हेही तपासा. आकडे जुळत नसतील, तर राहिलेला पगार चुकता करून, स्पष्ट बोलून निरोप द्या. आणि जुळत असतील, तर पगार वाढवण्याचा विषय त्या व्यक्तीने काढण्याची वाट पाहू नका, तुम्हीच काढा.