भोक सरळ पडावे म्हणून

सदाशिव पेठेत जुना वाडा उतरवला की एखादी सागवानी तुळई कुणा हौशी गृहस्थाच्या नजरेत भरते आणि तिच्या फळ्यांचे सुतारकामासाठी भक्कम मेज करण्याचा बेत ठरतो. बेत उत्तमच! विश्रामबागवाड्याचे १८०७ सालचे सुरूदार खांब पाहिले म्हणजे जुन्या सागाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पण त्या मेजात खुंट्यांसाठी भोके पाडताना भल्याभल्यांचा हात कचरतो. कचरावाच, तसे लाकूड पुन्हा मिळत नाही.

खुंटी कशाला? तर रंधा मारताना पट्टी हलू नये म्हणून. एका बाजूला शिकंजा, दुसरीकडे खुंटी, मध्ये पट्टी. खुंटी कलली की दाबाने पट्टी उचलते. फळी ७५ मिलिमीटर जाड असेल आणि ड्रिल एकच अंश कलले, तरी भोक तळाशी १.३ मिलिमीटर सरकते. नुसत्या डोळ्याला हा एक अंश उमगत नाही.

कारखान्यातले उभे ड्रिल यंत्र सरळ भोक पाडते. पण एवढे जड मेज तेथे न्यायचे कसे? मेज नेऊच नये, यंत्राचा सरळपणा घरी आणावा. कठीण लाकडाचा ६० मिलिमीटर जाडीचा ठोकळा गुण्याने तपासून काटकोनात करावा आणि त्यात त्या यंत्रावर १९ मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे. हाच आपला वाटाड्या.

आता फळीवरून लोहचुंबक फिरवावे. जुन्या तुळईत खिळे दडलेले असतात. खतकशीने कडेला समांतर रेघ ओढून दर १०० मिलिमीटरवर आडवी खूण करावी. ठोकळ्यावरही भोकाच्या मध्यातून तशाच रेघा काढून त्या खुणांशी जुळवाव्यात आणि ठोकळा घट्ट आवळावा. मग त्यातून ड्रिल सावकाश चालवावे, मधूनमधून बाहेर काढून भुसा झाडावा. बीटचे टोक खाली डोकावताच थांबावे आणि उरलेले भोक खालून पूर्ण करावे. म्हणजे ढलपे निघत नाहीत.

पहिले भोक मात्र टाकाऊ ओंडक्यात पाडून त्यात खुंटी बसवावी व गुण्या लावून पाहावा. ती ताठ उभी राहिली, तरच सागाला हात लावावा.