आकडा आणि पत

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर २००३ साली घेतलेला एक संगणक आहे. घरात त्याचे कौतुक कोणालाच नाही. नातवाने तर त्याचे नाव ‘पणजोबा’ ठेवले आहे. पण माझ्या दोन कादंबऱ्या आणि तिसरीचा अर्धा खर्डा त्या काळातल्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला आहे. त्या सॉफ्टवेअरचे कुलूप प्रिंटरच्या जुन्या खाचेत बसते आणि आजच्या संगणकांना ती खाच नसते. त्यामुळे गेल्या श्रावणात पणजोबा बसले, तेव्हा त्यांच्याबरोबर माझे लिखाणही बसले.

तशी लक्षणे महिनाभर दिसत होती. काम करता करता पडदा गोठायचा, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे, सकाळी तीन-तीनदा बटण दाबावे लागायचे. मी ते सगळे वयावर घातले. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, भंगारात द्या, नवा घेऊ.’’ मी तो रिक्षात घालून बुधवार पेठेतल्या एका तरुण दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण काढले आणि प्रोसेसरच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या डब्या दाखवल्या. त्यांची डोकी सपाट असायला हवीत. सहांपैकी चार फुगून वर आली होती, एकीवर तपकिरी खरपुडी धरली होती. ‘‘काका, बोर्ड चांगला आहे, कपॅसिटर गेलेत. बदलायला तासभर पुरेल. पण चांगले कपॅसिटर मिळवायला आठवडा लागेल.’’

एवढ्या मोठ्या बाजारपेठेत बसून एका डबीसाठी आठवडा? माझ्या या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिले, त्यासाठी हा लेखप्रपंच.

कपॅसिटरचे काम आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखे असते. नळाला पाणी थांबून थांबून येते, घरात मात्र ते संथ धारेने हवे असते. मदरबोर्डवर पाच किंवा बारा व्होल्टची वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून प्रोसेसरला लागणाऱ्या दीडेक व्होल्टवर आणली जाते. या धक्क्यांतून संथ धार काढून देण्याचे काम या डब्या करतात. टाकीत किती पाणी मावते हे डबीवर छापलेले असते, टाकी किती दाब सोसेल हेही छापलेले असते. पण टाकीच्या तोंडाचा नळ केवढा, हे छापलेले नसते. नळ बारीक असेल, तर टाकी कितीही मोठी असून उपयोग नाही. विजेच्या भाषेत या अडथळ्याला ‘ईएसआर’ म्हणतात आणि मदरबोर्डवर तो अगदी कमी असावा लागतो. रेडिओत किंवा मिक्सरमध्ये खुशाल चालणारा त्याच आकड्यांचा कपॅसिटर इथे तापतो, सुकतो आणि काही महिन्यांत फुगतो.

हे फुगणे एकट्या माझ्या नशिबी आलेले नव्हते. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर लाखो मदरबोर्ड याच दुखण्याने गेले. प्रामुख्याने तैवानमधल्या काही उत्पादकांच्या कपॅसिटरमधील द्रव सदोष होता. त्यातल्या पाण्याला ॲल्युमिनियमपासून दूर ठेवणारी द्रव्ये नीट नव्हती. पाणी आणि धातूच्या क्रियेतून हायड्रोजन वायू तयार होई आणि डबी फुगे. चोरलेला द्रवाचा नुस्खा अर्धवट होता म्हणून हे घडले, अशी एक कथा तेव्हा पसरली. ती पूर्णपणे सिद्ध मात्र कधीच झाली नाही. डेल कंपनीने २००५ साली अशा सदोष संगणकांसाठी तीस कोटी डॉलर बाजूला काढले, ही नोंदलेली गोष्ट आहे. आणि ‘जपानी’ एवढ्या शब्दावर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद : निचिकॉनसारख्या नामांकित जपानी कंपनीच्या ‘एचएम’ आणि ‘एचएन’ या दोन मालिकाही २००१ ते २००४ या काळात खराब निघाल्या होत्या.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. २००५ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. शाखेतले पाच संगणक याच रोगाने आजारी पडले. दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके आली. सर्वांत कमी दराच्या दरपत्रकावर ‘समान क्षमतेचे कपॅसिटर बसवू’ असे लिहिले होते आणि त्याखाली मी सही केली. नियमाने तेच बरोबर होते. पुढच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनची रांग दारापर्यंत गेलेली असताना, त्यांतले तीन संगणक पुन्हा बंद पडले. एक निवृत्त शिक्षिका पिशवी मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होत्या. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी ‘यंत्रांतील बिघाड’ असे लिहिले. बिघाड दरपत्रक निवडण्यातही होता, हे मला तेव्हा कळले नव्हते. आता कळल्यावर लिहायला हवे.

वास्तविक बँकेच्या माणसाला हे आधी कळायला हवे होते. जामीनदार म्हणून कोणी पुढे आला, तर त्याने अर्जावर लिहिलेल्या उत्पन्नाच्या आकड्यावर आम्ही कधी भागवले नाही. अडीअडचणीला तो पैसे भरेल का, याची चौकशी करत होतो. कपॅसिटरचेही तसेच आहे. छापलेला आकडा निराळा आणि पत निराळी.

ही पत पाहायची कशी, हे मला त्या तरुणाने शिकवले. क्षमता जुन्याइतकी, फार तर थोडी अधिक. व्होल्ट जुन्याइतके किंवा जास्त, कमी कधीही नाही. तापमानाची मर्यादा १०५ अंश. जाडी मोजून घ्यायची, कारण आठ मिलिमीटरच्या जागेत दहाची डबी बसत नाही. त्यानंतर डबीवरची मालिकेची दोन-तीन अक्षरे वाचायची आणि कंपनीच्या तक्त्यात तिचा ईएसआर, ती सोसू शकणारा प्रवाह आणि आयुष्याचे तास पाहायचे. तक्त्यात ‘१०५ अंशांवर २,००० तास’ असते. हे जेमतेम त्र्याऐंशी दिवस होतात, म्हणून मी दचकलो. त्याने समजावले की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे ६५ अंशांवर ३२,००० तास. रोज आठ तास काम धरले, तर सुमारे अकरा वर्षे. शिवाय फुगलेल्या चारच बदलायच्या नाहीत, सहाही बदलायच्या. आणि डबी काढण्यापूर्वी ऋण बाजू कोणती ते टिपून ठेवायचे, कारण बोर्डावरची खूण सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने करत नाहीत.

निवड झाली तरी माल मिळवणे हे वेगळेच प्रकरण आहे. पुण्यातली तपकीर गल्ली काय किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड काय, तिथे हवे ते मिळते अशी ख्याती आहे आणि ती बरीचशी खरीही आहे. मी हौसेने एक चक्कर मारली. एका दुकानात त्याच आकड्यांची डबी दहा रुपयांना मिळाली. मालिका विचारली, तर ‘सेमच आहे, लावून टाका’ असे उत्तर. बिल मागितले, तर गिऱ्हाईक नवीन आहे हे दुकानदाराने ओळखले. मी घेतलेली डबी त्या तरुणाने उपकरणावर लावून पाहिली. क्षमता बरोबर होती, ईएसआर कितीतरी पट. त्याने सांगितले की जुन्या बोर्डांवरून काढलेल्या डब्या पुसून पुन्हा विकल्या जातात, नामांकित कंपनीचे वेष्टन हलक्या मालावर चढवले जाते, कधी मोठ्या डबीत लहान कपॅसिटर भरलेला असतो. अधिकृत वितरकाकडे खरा माल मिळतो, पण सहा डब्यांसाठी पाठवणीचा खर्च डब्यांहून जास्त होतो. म्हणून गल्लीतले चार दुरुस्तीवाले मिळून मागणी नोंदवतात. आठवडा लागतो तो त्यामुळे.

आपल्याकडे आता ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चर्चा सुरू झाली आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळ सुरू केले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. हे सगळे स्वागतार्हच आहे. पण कचऱ्याची विल्हेवाट ही नंतरची गोष्ट. वस्तू कचऱ्यात जाण्याआधी ती ज्या हातात पडते, त्या गल्लीतल्या कारागिराला खात्रीचा सुटा भाग मिळाला नाही, तर हक्क कागदावरच राहील. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी कोणत्या जागी कोणत्या मालिकेचा भाग बसवला, त्याची यादी दुरुस्तीवाल्यांना का देऊ नये? सरकारी कचेऱ्या, शाळा, बँका यांच्या दरपत्रकांत ‘समान क्षमतेचे’ या फसव्या शब्दांऐवजी मालिकेचे नाव आणि खरेदीचे बिल का मागू नये? एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही, दरपत्रकाच्या मसुद्यात दोन ओळी वाढवाव्या लागतात.

आणि आपण गिऱ्हाइके? चपलेचा अंगठा शिवून घेणारा, पातेल्याला कल्हई लावून घेणारा आपला समाज. दुरुस्ती आपल्याला नवी नाही. मात्र दुरुस्ती म्हणजे स्वस्तात भागवणे, अशी सवय आपण लावून घेतली आहे. दहा रुपयांची डबी की चाळीसची, हे कारागीर आपल्याला विचारत नाही, कारण आपले उत्तर त्याला ठाऊक असते.

आठवड्याने माझा संगणक सुरू झाला. तो कायमचा टिकणार नाही हे मला कळते. या डब्यांतला द्रवही एक दिवस सुकेल, म्हणून तिसऱ्या कादंबरीचा खर्डा मी रोज थोडा थोडा नव्या अक्षरलिपीत उतरवून घेत आहे. दुरुस्तीवाल्याने काढलेल्या सहा डब्या एका पाकिटात घालून दिल्या आणि बिलावर नव्या डब्यांची कंपनी, मालिका, संख्या आणि तारीख लिहिली. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो व्हाउचरांवर सह्या केल्या. इतके स्वच्छ व्हाउचर त्यांत फार थोडे होते. २००५ साली मी असे एक मागितले असते, तर त्या बाई दुपारच्या जेवणाला घरी पोचल्या असत्या.