आजोबांच्या शर्टांची गोधडी

आजोबांचं तेरावं झालं आणि आम्ही त्यांचे कपडे वाटायला काढले. आजीने सहा सुती शर्ट बाजूला ठेवले. आत स्वतःची जुनी नऊवारी, वर शर्टांचे तुकडे आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा. दोन महिन्यांत गोधडी तयार झाली. चष्मा ठेवायचा खिसा तिने उसवला नाही, तसाच वर जोडला.

एरवी गप्प बसणारी आजी सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची आणि हातातल्या शर्टाची आठवण सांगायची.

तुमच्या घरीही कुणी जोडीदार गमावला असेल, तर कपाट रिकामं करायची घाई नको. आधी विचारा, “यातलं काय ठेवायचं?”