घराजवळचा मुलूख

२०२० साली, करोनाच्या साथीमुळे, आषाढीच्या आधी शेगावहून परळी-अंबाजोगाईच्या वाटेने पंढरीस जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी आपल्या बीडच्या मुलखात आली नाही, परळीस वैद्यनाथाचे महाद्वार श्रावणातही भाविकांस उघडले नाही, आणि काशीयात्रेसाठी पै-पै साठविणाऱ्या वडीलधाऱ्यांस ओसरीवरच बसून राहावे लागले. अशा वर्षी दूरदेशीच्या प्रवासवर्णनांनी दिवाळी अंक सजविणे आम्हांस प्रशस्त वाटेना; म्हणून सकाळी निघून दिवेलागणीस घरी परतता येईल अशाच स्थळाविषयी लिहावे, एवढी एकच अट आम्ही लेखकांस घातली.

बीड शहराच्या दक्षिणेस दोन कोसांवर असलेल्या खजाना विहिरीचे नाव न ऐकलेला माणूस कसब्यात सापडणे दुर्घट. परंतु १५८२ च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत, सलाबतखानाने बांधविलेल्या आणि राजा भास्कर या स्थपतीने सिद्ध केलेल्या त्या वास्तूत भूमिगत बोगद्यांतून पाणी कसे येते, आणि मोटेचा बैल न जुंपता, केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर ते पुढे सखल शेतांपर्यंत कसे पोचते, हे काठावर उभे राहून समजून घेणारे किती निघतील? शिवाय, घराजवळ राहणे म्हणजे रिकामे बसणे नव्हे; एका जागी स्थिरावून केवढे काम उभे राहते, याचा दाखला अंबाजोगाईस आहे: संतकवी दासोपंतांनी एका लांबलचक पासोडीवर आपले ‘पंचीकरण’ लिहिले, ते याच गावी.

मात्र स्थिरवासाची थोरवी गाताना हेही ध्यानी असावे की, या जिल्ह्यात घरी राहता येणे हीच पुष्कळांच्या लेखी चैन आहे. मुकादमाची उचल अंगावर घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा टोळ्या दरसाल ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात, आणि मागे म्हातारी माणसे उरतात. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे आपल्यास बाहेर जाता येईना, तेव्हा यांतील कित्येकांस फडाजवळच्या कोपीतून घरी येता येईना. त्यांच्या कोरडवाहू जमिनीस पाणी नाही, हे या भ्रमंतीचे एक मोठे कारण. म्हणूनच जवळचे स्थळ पाहणे म्हणजे त्याच्या शिल्पावर लुब्ध होणे नव्हे, तर तेथील पाणी कोठून येई व का आटले, याची विचारपूस करणे होय.

वाचकांस दीपावलीच्या शुभेच्छा देताना आमची एक विनंती आहे. फराळाच्या या दिवसांत प्रत्येकाने आपल्या गावच्या बारवेपर्यंत जावे, तिच्या पायऱ्या, झरे आणि साचलेला गाळ यांची नोंद करावी, तिचे पाणी कोणाच्या शेतास जाई हे वृद्धांस विचारून लिहून घ्यावे, आणि तो कागद आमच्या दफ्तरी पाठवावा. पुढील अंकात तो छापणे आमच्याकडे लागले. गाळ काढण्याचे काम मात्र गावाने अंगावर घ्यावे.